आमदारांकरवी विधानसभेत प्रश्न लावताय? मग आधी कागद नीट करा

अधिवेशन जवळ आलं की आमदारांच्या कार्यालयात तेच दृश्य. गावची मंडळी निवेदन घेऊन येतात, खाली साठ सह्या, वर ग्रामपंचायतीचा शिक्का. "साहेब, तेवढा प्रश्न विधानसभेत लावा." साहेब "लावतो" म्हणतात, फोटो निघतो, निवेदन फाइलीत जातं. पुढे एकतर प्रश्न लागतच नाही, नाहीतर लागतो आणि छापील उत्तर येतं: "हे खरे नाही." वर्षभराची धावपळ तीन शब्दांत आटोपते. वर ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी तो कागद दाखवून सांगतो, "बघा, विधानसभेतसुद्धा सिद्ध झालंय, काही चुकलेलं नाही."

मी काही वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात प्रश्नांचे मसुदे करायचो. शंभरातले नव्वद प्रश्न सभागृहात नाही, कागदावरच हरलेले असायचे. कारण एकच. उत्तर मंत्री वाचतात, पण लिहितं कोण याचा कोणी विचार करत नाही. प्रश्न विधानभवनातून मंत्रालयातल्या कार्यासनाकडे (म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाकडे) जातो, तिथून आयुक्तालयाकडे किंवा संचालनालयाकडे, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. उत्तराचा पहिला मसुदा तिथे तयार होतो, म्हणजे बहुतेक वेळा ज्या कार्यालयाची तक्रार आहे त्याच कार्यालयात. तो मसुदा भाषेची इस्त्री होत होत वर चढतो. म्हणून प्रश्न लिहिताना डोळ्यांसमोर मंत्री नको, तालुक्याच्या कार्यालयात "तात्काळ" असा शेरा असलेला कागद हातात घेऊन बसलेला लिपिक ठेवा. त्याला निसटायला कुठे जागा आहे? ती बुजवायची, एवढंच काम.

## टप्पा १: प्रश्न कोणाच्या दारातला, ते ठरवा

पहिली चूक इथेच होते. चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न या खात्यातून त्या खात्यात फिरतो आणि तोवर अधिवेशन संपतं.

रस्त्यांचंच घ्या. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, म्हणजे प्रश्न ग्रामविकास मंत्र्यांना. खड्डा तोच, पण रस्त्याचा दर्जा माहीत नसेल तर प्रश्न चुकीच्या मंत्र्याकडे जातो. दवाखान्यांतही तोच घोळ. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलं गेलं असेल तर आधी चौकशी करा, कारण बाहेरची पाटी बऱ्याचदा जुनीच असते. आश्रमशाळा आदिवासींसाठीची की विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठीची, यावरही खातं बदलतं.

रेल्वे, टपाल, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीय महामार्ग हे विषय आमदारांकडे नेऊच नका. ते खासदारांचे.

काही योजनांत दोघांचाही हात असतो आणि तिथे खरी गंमत आहे. जल जीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा पैसा घालतात. केंद्राने राज्याला कोणत्या वर्षी किती दिले हे खासदारांनी लोकसभेत विचारायचं, राज्याने ते कुठे खर्च केले हे आमदारांनी विधानसभेत. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की बरंच काही आपसूक दिसतं.

तपासा: तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत. मग शेजारच्या मतदारसंघाचे आमदार किंवा विधान परिषदेचे सदस्य गाठा. प्रश्न आपल्याच मतदारसंघातला असावा असं बंधन कोणत्याही आमदारावर नाही. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, यांतल्या मंत्री आणि पीठासीन अधिकारी सोडून कुणाकडेही जाता येतं.

## टप्पा २: कागद गोळा करा, आणि ते महिने आधी

तारांकित प्रश्नांच्या (ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) सूचना अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आठवडे आधी द्याव्या लागतात. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारणार याचं पत्रक विधानमंडळ सचिवालय काढतं. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरतं म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी निवेदन घेऊन येणाऱ्यांची गाडी तेव्हाच चुकलेली असते. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनांनाही हाच हिशेब.

म्हणून उलट्या बाजूने मोजा. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत ३० दिवस, अपील करावं लागलं तर आणखी. म्हणजे पावसाळी अधिवेशनात प्रश्न हवा असेल तर अर्ज फेब्रुवारीत पडायला हवा. दहा रुपयांचा अर्ज, पण वेळेवर टाकला तरच उपयोगाचा.

काय मागायचं? "योजनेची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहू नका. संपूर्ण माहिती म्हणून काहीही दिलं जातं. बांधकामाचं प्रकरण असेल तर या कागदांच्या प्रती मागा:

– प्रशासकीय मान्यतेचा आदेश (रक्कम आणि तारीख यातच असते)
– तांत्रिक मान्यता आणि अंदाजपत्रक
– कार्यारंभ आदेश, त्यातली मुदत
– आतापर्यंत दिलेली देयकं, तारखेसह
– मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं
– मुदतवाढ दिली असेल तर तिचं पत्र
– त्रयस्थ संस्थेच्या तपासणीचा अहवाल

यातला मोजमाप पुस्तिकेचा कागद सोडू नका. कार्यालयात तिला सगळे एमबी म्हणतात. पाइप किती मीटर टाकला, खोदाई किती खोल झाली, कोणी मोजली, कोणत्या तारखेला, सगळं त्यात असतं. एकदा एका वाडीतल्या मुलांनी मीटर टेप घेऊन रस्त्याच्या कडेने चर मोजला आणि एमबीतला आकडा शेजारी लिहून आणला. शाळेच्या वहीचं पान होतं, दोन रकाने. आमच्या कार्यालयात आलेल्या निवेदनांत इतका वजनदार कागद मी दुसरा पाहिला नाही.

खर्चाचं प्रकरण असेल तर शासन निर्णय शोधा. शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो, तो जसाच्या तसा उतरवून घ्या. निधी कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) आला हे निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदांत मिळतं. तेच लेखाशीर्ष घेऊन अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडा. तिथे मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. लोक फक्त अर्थसंकल्पीय अंदाज बघतात आणि "एवढे कोटी दिले" असं लिहितात. तरतूद म्हणजे वितरण नव्हे, आणि वितरण म्हणजे खर्च नव्हे. निधी वितरित झाला की नाही हे राज्याच्या बीम्स या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसतं. या तीन शब्दांची गल्लत झाली की उत्तर ठरलेलं: "हे खरे नाही."

सावधान: प्रकरण कोर्टात असेल तर ते आधीच सांगा. न्यायप्रविष्ट बाब म्हणून प्रश्न नामंजूर होतो. तसंच मागच्या अधिवेशनात तोच प्रश्न होऊन गेलाय का, हे विधानमंडळाच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत बघा. उत्तर आलेलं असेल तर पुन्हा तोच प्रश्न लागत नाही, पण त्या उत्तरातलं आश्वासन पाळलं का, हा नवा प्रश्न होऊ शकतो. आणि तो जास्त बोचतो.

## टप्पा ३: मसुदा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कार्यालयात येतो तसा मसुदा आधी बघू:

"आमच्या गावात नळ योजनेत कोट्यवधी रुपयांचा भ्रष्टाचार झाला असून ठेकेदार व अधिकारी यांनी संगनमताने निकृष्ट काम केले आहे, महिला पाण्यासाठी वणवण फिरत आहेत, तरी शासन झोपले आहे काय?"

भावना खरी, पण प्रश्न म्हणून शून्य. गावाचं नाव नाही. तारीख नाही. योजना ८६ लाखांची असेल तर "कोट्यवधी" या एका शब्दावर उत्तर "नाही" येणार. "भ्रष्टाचार" आणि "संगनमत" हे तुमचं अनुमान, आणि प्रश्नात अनुमान, तर्कवितर्क, उपरोध, आरोप चालत नाहीत. "झोपले आहे काय" हे वाक्य सचिवालयात लाल पेनाने जाईल ते जाईलच, सोबत प्रश्नही जाईल.

आता तोच विषय विधानसभेच्या साच्यात (आकडे फक्त नमुन्यासाठी):

(१) मौजे अमुक, ता. अमुक, जि. अमुक येथील जल जीवन मिशनअंतर्गत नळ पाणीपुरवठा योजनेस दिनांक अमुक रोजीच्या आदेशान्वये रुपये ८६ लाख किमतीची प्रशासकीय मान्यता देण्यात आली, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, सदर कामाचा कार्यारंभ आदेश कोणत्या दिनांकास देण्यात आला व काम पूर्ण करण्याची मुदत कोणत्या दिनांकास संपली;

(३) सदर योजनेवर ३१ मार्चअखेर कंत्राटदारास कोणत्या दिनांकास किती रकमेची देयके अदा करण्यात आली;

(४) सदर गावातील किती कुटुंबांना आजमितीस या योजनेतून नळाद्वारे पाणी मिळते व दरडोई दररोज ५५ लिटर या निकषाची तपासणी कोणी व कोणत्या दिनांकास केली;

(५) मुदतीत काम पूर्ण झाले नसल्यास निविदेतील अटींनुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे;

(६) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यातली मेख समजून घ्या. पहिल्या भागात फक्त अशीच गोष्ट ठेवायची जिचा कागद तुमच्या हातात आहे. कारण सवयीने सगळे भाग "असल्यास" या शब्दाने एकमेकांना बांधले जातात. पहिल्या भागाचं उत्तर "नाही" आलं की खालच्या सगळ्यांना एकच ओळ: "(२) ते (६) प्रश्न उद्भवत नाही." सहा डबे एका झटक्यात रुळावरून घसरतात. म्हणूनच (३) आणि (४) या भागांना मी "असल्यास" लावलेलं नाही. पैसे किती गेले आणि पाणी किती घरांत येतं, या दोन आकड्यांना पहिल्या भागाचा आधार लागत नाही. पुढे सगळी लढाई या दोन आकड्यांवरच होते: देयकं जवळपास पूर्ण आणि नळ निम्मे कोरडे, असं चित्र एकाच पानावर उमटलं की आरोप करायची गरजच उरत नाही.

दुसरी मेख, "व" या अक्षराची. "काम निकृष्ट आहे व टाकी गळते, हे खरे आहे काय" असं विचारलंत तर "हे अंशतः खरे आहे" हे उत्तर तयारच असतं. कुठला अंश खरा ते कोणी सांगत नाही. एका भागात एकच गोष्ट विचारा. तारीख आणि रक्कम या जोडीला चालतात, पण दोन घटना एका वाक्यात बांधू नका.

तिसरी मेख मी स्वतः शिकलो, तीही तोंडावर आपटून. पहिल्याच वर्षी एका प्रश्नात मी "सुमारे ४० गावांमध्ये" असं लिहिलं. यादी ३७ गावांची होती. उत्तर आलं, "हे खरे नाही." आमदारसाहेबांनी यादी माझ्यासमोर धरली आणि एवढंच विचारलं, "मोजता येत नव्हतं का रे?" त्यानंतर "सुमारे", "अंदाजे", "अनेक", "बहुतांश" हे शब्द मी मसुद्यात येऊच दिले नाहीत.

तपासा, मसुदा द्यायच्या आधी:
– एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्या. त्याला "कुठलं गाव? कधी? किती?" असं विचारावं लागलं तर मसुदा परत लिहा.
– प्रत्येक भागाला "नाही" असं उत्तर देऊन बघा. ते "नाही" तुमच्या कागदाने खोडता येतं का? येत नसेल तर तो भाग काढा.
– कुणा खासगी माणसाचं नाव आलंय का? अधिकाऱ्याबद्दल विचारायचं तर पदनामाने आणि शासकीय कामापुरतं.

## टप्पा ४: आयुध निवडा

विधिमंडळात यांना आयुधं म्हणतात, आणि शब्द योग्यच आहे. कुऱ्हाडीचं काम सुरीने होत नाही.

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. मंत्र्यांकडून "अमुक तारखेपर्यंत करतो" असं वदवून घ्यायचं असेल तर हे आयुध. पण तासाभरात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, उरलेल्यांची छापील उत्तरं पटलावर ठेवली जातात. "तारांकित लागला" म्हणजे चर्चा होणारच, असं धरून चालू नका.

अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर. लोक याला कमी समजतात. माझं मत उलटं आहे. तालुकानिहाय तक्ता हवा, पाच वर्षांचा खर्च हवा, रिक्त पदांची यादी हवी, तर अतारांकितच बरा. तोंडी उत्तरात तक्ता मावत नाही, आणि लेखी उत्तर हे शासनाने सही करून दिलेलं कबुलीपत्र असतं. उशीर लागतो, एवढी सबुरी ठेवा.

लक्षवेधी सूचना, विधानसभेत नियम १०५ खाली. विषय तातडीचा आणि ताजा हवा. विषबाधा झाली, पूल खचला, दवाखान्यात लस संपली. मंत्री निवेदन करतात आणि मग प्रश्नांची फैर झडते. दोन वर्षं रखडलेली नळ योजना लक्षवेधीत घालू नका, "तातडीची नाही" म्हणून परत येईल. पण त्याच गावात टँकरच्या पाण्याने परवा लोक आजारी पडले असतील तर ती लक्षवेधी झाली.

उत्तर मिळालं पण समाधान झालं नाही, तर त्यातूनच अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्याच्या मागणीवर कपात सूचना देता येते. १०० रुपयांची कपात म्हणजे विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी, मागणी कमी करून एक रुपयावर आणा म्हणजे धोरणच नापसंत. कपात मंजूर होत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. पण कागद खात्याकडे जातो.

खासदारांकडे जाणार असाल तर लोकसभेचं गणित वेगळं. किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना, एका सदस्याच्या एका दिवसासाठी जास्तीत जास्त पाच सूचना, प्रश्न १५० शब्दांच्या आत. रोजच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न, आणि क्रम सोडतीने. म्हणून खासदारांना एकच मसुदा देऊन थांबू नका. त्याच विषयाचे दोन लहान मसुदे द्या, एक तारांकित, एक अतारांकित.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक ओळ: तिकडे सगळे याला एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. सभागृह ४० जणांचं, त्यामुळे आमदार गाठणं सोपं. मसुद्याची पथ्यं तीच.

## टप्पा ५: आमदारांकडे द्यायचं कसं

एक पान मसुदा, एक पान टिपण, मागे कागदांच्या प्रती क्रमांक घालून. याहून जास्त देऊ नका. पन्नास पानी फाइल कुणी उघडत नाही. टिपणात तीनच गोष्टी: काय घडलं, कागद काय सांगतो, मंत्र्यांकडून नेमकं काय हवं. टाइप केलेली फाइल युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल स्वीय सहायकाच्या संगणकावर उघडली की नुसत्या फुल्या आणि चौकोन दिसतात, आणि कामाच्या गर्दीत तो ती बाजूला ठेवतो.

साहेबांना भेटणं ठीक, पण खरा माणूस स्वीय सहायक. मसुदा त्याच्या हातात द्या, त्याच्यासमोर वाचा, आणि शेवटची तारीख त्याच्याकडूनच विचारून घ्या. निरोप पोचला असं समजून घरी बसू नका. सूचना सचिवालयात दाखल झाली की तिला क्रमांक मिळतो. तो मागून वहीत लिहून ठेवा.

तोच मसुदा चार आमदारांना देणं चूक नाही. एकाच विषयाचे प्रश्न एकत्र करून सगळ्यांची नावं वर छापतात, त्याने वजनच वाढतं. पण त्या चौघांनाही तसं आधी सांगा. आपल्याला खास दिलेला प्रश्न दुसऱ्याच्या नावाखाली बघून राग आलेले आमदार मी पाहिले आहेत.

सावधान: प्रश्न लावण्यासाठी कुणी पैसे मागितले किंवा तुमच्यातल्या कुणी देऊ केले, तर तिथेच थांबा. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. मधे एखादा "मी लावून देतो" म्हणणारा भेटतोच. त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

## टप्पा ६: प्रश्न मान्य झाला, आता फोन यायला लागतील

प्रश्न खात्याकडे गेला की तालुक्यात हालचाल दिसते. दोन वर्षं न फिरकलेली जीप गावात येते. कोरड्या नळाला एक दिवस पाणी येतं, त्याचा फोटो निघतो, पंचनाम्यावर सह्या मागतात. इथे गाव हमखास चुकतं. पाणी आलं या आनंदात सरपंच सही करतो आणि तोच कागद उत्तराचा आधार बनतो: "योजना कार्यान्वित असून पाणीपुरवठा सुरळीत सुरू आहे."

सही करायची असेल तर खाली स्वतःच्या अक्षरात तारीख, वेळ आणि किती नळांना पाणी आलं ते लिहा. दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी पुन्हा नोंद करा. त्या नोंदी आणि फोटो आमदारांच्या कार्यालयात पाठवा.

"साहेबांना सांगून प्रश्न मागे घ्या, काम आम्ही करतोच" असाही निरोप येईल. लेखी द्या म्हणा. लेखी आलं तर उत्तमच, तोच कागद पुढे उपप्रश्नाला लागेल.

सावधान: छापील उत्तर तुमच्या हाती सभागृहाच्या आधी पडलं तर ते गटावर टाकू नका, वार्ताहराला देऊ नका. सभागृहात उत्तर दिल्याशिवाय किंवा पटलावर ठेवल्याशिवाय ते प्रसिद्ध करायचं नसतं. तुमची घाई आमदारांच्या अंगावर येते.

## टप्पा ७: उपप्रश्न

प्रश्न पुकारल्यावर आमदारांकडे मिनिट-दोन मिनिटं असतात. तेवढ्यात भाषण करणारे प्रश्न वाया घालवतात. त्यांना आधीच दोन उपप्रश्न लिहून द्या, मोठ्या अक्षरात, प्रत्येकी एका वाक्याचे. छापील उत्तर काय येईल त्याचा अंदाज बांधून पर्यायही द्या.

"चौकशी सुरू आहे" असं आलं, तर: चौकशी अधिकारी कोण, नेमणूक कोणत्या तारखेची, अहवाल कधी?

"माहिती घेण्यात येत आहे" असं आलं, तर: सूचना इतक्या आठवड्यांपूर्वी दिली, अमुक कार्यालयाचं पत्र माझ्या हातात आहे, ते मंत्रालयात पोचलं नाही का? हवं तर प्रश्न राखून ठेवण्याची विनंती अध्यक्षांना करता येते.

"उचित कार्यवाही करण्यात येईल" असं आलं, तर: उचित म्हणजे कोणती, आणि किती दिवसांत?

"कंत्राटदारास नोटीस दिली आहे" असं आलं, तर: नोटिशीनंतर त्याच कंत्राटदाराला कोणतं देयक दिलं का? हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. याचं उत्तर खिशात असेल तरच विचारा.

आणि मंत्री "सन्माननीय सदस्यांसोबत बैठक लावतो" म्हणाले की बाकावर बसू नका. बैठकीची तारीख सभागृहातच मागा. बैठक म्हणजे आपल्याकडे प्रश्न मिटवण्याची सगळ्यांत सभ्य पद्धत आहे.

## टप्पा ८: सभागृह उठल्यावर

"करू", "देऊ", "तपासून कारवाई करू", "अहवाल पटलावर ठेवू" ही वाक्यं आश्वासनं ठरू शकतात, आणि आश्वासनांच्या पूर्ततेवर लक्ष ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लोकसभेत दिलेल्या आश्वासनाच्या पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत असते. म्हणून मंत्र्यांचे नेमके शब्द महत्त्वाचे. पेपरातल्या बातमीवर विसंबू नका. कार्यवाहीच्या वृत्तांतातलं ते पान आमदारांमार्फत मिळवा आणि आश्वासनाच्या ओळीखाली रेघ मारा.

मग एक पत्र: मंत्र्यांना, प्रत विभागाच्या सचिवांना, प्रत जिल्ह्याला. पत्रात प्रश्न क्रमांक, तारीख, आश्वासनाचे जसेच्या तसे शब्द, आणि "पूर्तता झाली काय" एवढं एकच वाक्य. पत्र आमदारांच्या लेटरहेडवर जायला हवं. मुदत उलटली की आमदारांकरवी आश्वासन समितीकडे.

इथवर फार थोडे लोक येतात. प्रश्न लागला, बातमी आली, फ्लेक्स लागला की गाव विसरतं, आणि ते विसरणार हे खात्याला माहीत असतं. वर सांगितलेल्या वाडीतल्या मुलांनी मात्र ती वही जपून ठेवली होती. पुढच्या अधिवेशनाच्या आधी पुन्हा आले, तिसरा रकाना आखून. त्यात मंत्र्यांनी सभागृहात सांगितलेला मीटरचा आकडा लिहिला होता. टेप त्यांनी सोबतच आणली होती.